मान हलली म्हणजे होकार नव्हे

परवरदिगार साक्षी आहे. मी हशमत आरा, मरहूम मुनीर हुसेन यांची बायको, राहणार पतंगवाली गल्ली, चौक, लखनौ, धंदा लग्नं जुळवण्याचा. डोकं ठिकाणावर आहे, जिभेचा मात्र भरवसा उरला नाही, म्हणून घाईने हे मृत्युपत्र करते. मी बोलते तसंच मुन्शीजींनी लिहावं, सुधारू नये.

मागल्या शुक्रवारी दूधवाल्यासमोर 'साय' हा शब्दच आठवेना. बोट दाखवलं. जिने नुसत्या बोलण्यावर मुलींना नवरे मिळवून दिले, तिने सायीसाठी बोट दाखवावं! शेजारच्या सुग्रा बींचं असंच सुरू झालं होतं. मग वाचा गेली, मान लटपटू लागली. त्यांच्या मुलाने विचारलं, "घर विकू ना, अम्मी?" मान काय, पंख्याकडे बघूनही हलायची. घर गेलं.

माझं घर: शरियतप्रमाणे दोन तृतीयांश मुलगा तसद्दुक आणि मुलगी नफीसा यांना, ज्याच्या त्याच्या हिश्श्याने. उरलेला भाग, म्हणजे गल्लीकडची खोली आणि दरवाजा, सून तलअत हिला. घरावर डोळा ठेवून बसलेल्या तसद्दुकच्या त्या बिल्डर दोस्ताला आत शिरायचं तर तिच्या तोंडी लागूनच शिरावं लागेल.

सुनेवर माझा जीव आहे असा गैरसमज नको. ती नवी असताना तिची पातळ डाळ ढवळत मी म्हटलं होतं, "दुल्हन, आपली डाळ फारच लाजरी. दाणा पडद्याबाहेर येईना." मान खाली घालून म्हणाली, "सासूसमोर आल्या आल्या तोंड दाखवावं, असं वळण मी तिला लावलं नाही, अम्मीजान." माझा घास हातातच राहिला. या घरात इतकं सुबक कुणी बोललं नव्हतं.

अडकित्ता नफीसाला. तिच्या बोलण्याला नाही, निदान हाताला तरी धार असू दे.

आमच्या गल्लीत नकार कुणी तोंडावर मारत नाही. "जरूर, सवडीने बघू" म्हटलं की समजायचं. घर विकण्याचं काढलं की तसद्दुकला मी हेच म्हणत आले, आणि तो समजून गप्प बसे. उद्या शब्द गेले तर नुसती मान उरेल, आणि मानेला ही अदब कुठून येणार? म्हणून गावंढळासारखं उघड लिहवते: माझ्या जिवात जीव असेपर्यंत घर विकायचं नाही. मान हलो, डोळ्यांना पाणी येवो, अंगठा कुणी धरून शाईत बुडवो, तो माझा होकार नाही.

मुन्शीजी म्हणाले, "आपा, जिवंतपणीच्या गोष्टी मृत्युपत्रात बसत नाहीत."

म्हटलं, "मग उभ्या राहू द्या. आपण लिहा."

शेवटचं, तलअतसाठी. वाचा गेली की लोक माझ्यादेखत तिला विचारतील, "ह्या जेवल्या का?" तिने उत्तर देऊ नये. म्हणावं, त्यांनाच विचारा. आणि रोज मला एक टोमणा मारावा, ताजा. शिळा चालणार नाही. मारून लगेच उठून जाऊ नये. मी आत उत्तर जुळवत असेन. ते बाहेर येणार नाही, तरी थोडं थांबावं.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. "बरोबर आहे," हे मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं आणि खालच्या दोघांनी ते कानांनी ऐकलं.

सही: हशमत आरा

साक्षीदार: हकीम वजाहत अली, बिल्किस बानो (शेजारीण)

लखनौ, १४ नोव्हेंबर २००२