संडासाच्या कुलपाचं आंतरराष्ट्रीय निवेदन

तीर्थरूप वन्सं,

मानेला पट्टा लावलाय, त्यामुळे जेवढी लवते तेवढ्या मानेने केलेला नमस्कार पुरता समजून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय आणि तुम्ही ऐकत नाही, असं तुमच्या बंधूंकडून कळलं (त्यांनी हे मला तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही जेवताना मीठ मागायच्या ओघात). आम्ही बरे आहोत. मुलगी अभ्यास करते असं म्हणते आणि आम्ही ऐकून घेतो.

मागच्या भेटीत तुम्ही चारचौघांत विचारलंत की मी ऑफिसात नक्की करते काय, आणि मला धड सांगता आलं नाही. आता सांगते. स्त्री-पुरुष समानतेसाठी बऱ्याच देशांची सरकारं वर्षातून एकदा एकत्र बसतात आणि एक जाडजूड कागद मंजूर करतात. त्यात आमच्यासारख्या बिनसरकारी संघटनांचंही मत यावं अशी पद्धत आहे. (मत यावं एवढीच पद्धत आहे, ते कुणी ऐकावं अशी नाही.) आमच्याकडे अशा संघटना त्रेचाळीस. त्या सगळ्यांचं म्हणणं गोळा करायचं, घुसळायचं, गाळायचं आणि दोन मिनिटांचं निवेदन करून ते वाचायला एक माणूस सभागृहात सोडायचा, ही माझी नोकरी. पदाचं नाव समन्वयक. म्हणजे भांडण कुणाचंही असो, फोन मला येतो.

यंदा बैठक आपल्याच शहरात होती, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात आलं होतं. आमच्या पहिल्या सभेला बेचाळीस संघटना पडद्यावर दाखवायची चित्रं घेऊन आल्या. त्रेचाळिसावी एक बाई आली, हातात एक वाक्य लिहिलेली वहीची चिठ्ठी घेऊन. ही आपल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चोवीस वर्षं चादरी धुते आणि तिथल्या बायकांच्या संघटनेची अध्यक्ष आहे. आम्ही तिला लाँड्रीताई म्हणतो. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘कामाच्या वेळात आमच्या संडासाला कुलूप लावतात, ते काढा.’ किल्ली मुकादमाकडे. कामाच्या एका पाळीत ती दोनदा मिळणार. म्हणून वाफेच्या यंत्रांसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. एकीला लघवीचा त्रास होऊन त्याच हॉस्पिटलात वर भरती करावं लागलं, आणि तिच्या चादरी खाली हिच्याकडेच धुवायला आल्या. हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वाक्याच्या मागे लागले.

आमच्याकडे एक सल्लागार आहेत. प्रत्येक गोष्टीला ते चौकट लावतात, म्हणून त्यांना मी मनातल्या मनात चौकटराव म्हणते. (त्यांच्या बायकोने आजारपण कळवलं तरी ते आधी आजाराची चौकट विचारत असतील.) चौकटराव म्हणाले, कुलूप हे नुसतं लक्षण आहे, आपण मुळाशी जाऊ. मुळाशी जायला आम्हाला सात आठवडे लागले. एका संघटनेला ‘संडास’ हा शब्द जागतिक व्यासपीठावर बरा दिसेना, ‘स्वच्छतागृह’ करा. दुसरीला ‘काढा’ उद्धट वाटलं. ‘काढण्याचा विचार व्हावा’ करा. एका प्राध्यापिकेने स्वच्छतागृहाआधी गृह या संकल्पनेचीच चिकित्सा हवी असं म्हणून पाऊण तास घेतला, आणि त्या पाऊण तासात ती स्वतः एकदा जाऊन आली. अकराव्या खर्ड्यात वाक्य असं झालं: ‘मूलभूत सुविधांच्या सर्वसमावेशक उपलब्धतेच्या दिशेने टप्प्याटप्प्याने वाटचाल व्हावी.’ लाँड्रीताईने ते बोट ठेवून वाचलं आणि मला विचारलं, “ताई, यात आमचा संडास कुठंय?” मी ‘सुविधा’ या शब्दावर बोट ठेवलं. तिने माझं बोट उचलून खालचा शब्द पुन्हा वाचला. तेव्हापासून मान धरली आहे, डॉक्टर काहीही म्हणोत.

वाचायला तिलाच निवडलं, कारण वाचणारी व्यक्ती तळागाळातली असावी असा नियम आहे. (तळ कुठला, हे वरचे ठरवतात.) चौकटरावांनी सुचवलं की तिने लाँड्रीचा गणवेश घालून यावं, फोटो चांगला येईल. ती ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून आली. त्यावर चौकटरावांचा चेहरा पडला तो संध्याकाळपर्यंत उचलला गेला नाही.

सभागृहाचं वर्णन काय करू! गालिचा असा की चपलेचा आवाज झाला तर आपल्यालाच लाज वाटावी. व्यासपीठावर ‘स्त्रियांचं नेतृत्व’ या विषयावर पाच पुरुष बसले होते. सहावी खुर्ची एका बाईंसाठी होती; त्यांचं विमान चुकलं, तेव्हा तिच्यावर पाचव्याने आपलं जाकीट ठेवलं. आमची वेळ सकाळी अकराची. ती आधी दोन झाली, मग चार. प्रत्येक मंत्री आपण आईचे किती ऋणी आहोत ते सांगत होता, आणि आया बऱ्याच असल्याने वेळ संपत होता. पाच वाजता दुभाष्यांची पाळी संपली आणि ते काचेच्या खोलीतून उठून गेले. पाच चाळीसला आमचं नाव पुकारलं. अध्यक्ष परदेशी होते. ते म्हणाले, दोन मिनिटांऐवजी एक.

लाँड्रीताई माइकपाशी गेली. अकरावा खर्डा तिच्या हातात होता. तिने त्याची चादरीसारखी काठाला काठ लावून घडी केली, बाजूला ठेवली आणि पहिल्या रांगेत यजमान म्हणून बसलेल्या आपल्या हॉस्पिटलच्या अधीक्षकांकडे बघितलं.

“साहेब, मी तुमच्या चादरी धुते. आमच्या संडासाला कुलूप आहे. तुम्ही आज सकाळपासून चार वेळा उठून गेलात. मोजायचं नव्हतं, पण मी दारापाशीच बसले होते. आम्हाला दोनदा मिळतं. तेवढं कुलूप काढा.”

माइक बंद झाला. अध्यक्षांना अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी या आशादायी संदेशाबद्दल आभार मानले. टाळ्या झाल्या. अधीक्षकांना शब्दन्‌शब्द कळला होता, पण शेजारचे मंत्री वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या. वन्सं, मी नऊ वर्षं या कामात आहे. रडू मला त्या दिवशी पहिल्यांदा आलं, आणि तेही गालिच्याच्या भीतीने मी आवाज न करता रडले.

मंजूर झालेल्या कागदात परिच्छेद सत्तेचाळीसमध्ये ‘नागरी संघटनांच्या योगदानाची नोंद घेतली’ असं छापलंय. चौकटरावांनी तो परिच्छेद चौकटीत बसवून भिंतीवर लावला. (खरोखरची चौकट, लाकडी.) इकडे तिसऱ्या दिवशी लाँड्रीतलं कुलूप गेलं. कडी गेली, स्क्रूची भोकंसुद्धा बुजवून वर रंग मारला. आणि चौथ्या दिवशी लाँड्रीताईला नोटीस आली: संस्थेत असं कुलूप कधीच नव्हतं, तसा आदेश कधीच निघाला नाही, खोटं बोलून बदनामी केल्याबद्दल कामावरून का काढू नये? बायका आता हव्या तेव्हा जातात. जिने बोलून दाखवलं ती घरी बसायच्या बेतात आहे. आमच्या ऑफिसने तिच्या बाजूने उभं राहायचं, तर वरून मलाच सांगणं आलं की ‘वक्त्या मंजूर मजकुराबाहेर गेल्या’ असं लिहून सही कर. मी तो कागद टेबलावर तसाच ठेवलाय. रोज त्यावर चहाचा कप ठेवते.

बाकी सर्व क्षेम. औषधं वेळेवर घ्यावीत. तुमच्या बंधूंनी नमस्कार सांगितलाय, असं मीच लिहिते; ते झोपले आहेत.

तुमची भावजय

ता. क. पत्र गुडघ्याच्या चौकशीसाठी लिहिलं, हे खरं नाही. तुम्ही त्या हॉस्पिटलात मेट्रन असताना लाँड्री तुमच्या हाताखाली होती. कुलपाचा आदेश नोटीसफळ्यावर लागला तेव्हा खाली सही तुमची होती. लाँड्रीताईला ती सही अजून पाठ आहे. तुम्ही माझ्या नणंद आहात हे मी तिला परवा सांगितलं. ती “असं का,” एवढंच म्हणाली. हॉस्पिटलातली प्रत आता कुणाला सापडणार नाही. पण स्वतःच्या सहीचा एकही कागद तुम्ही फेकत नाही, हे मला ठाऊक आहे. नोटिशीवरची तिची चौकशी सोमवारी अकराला आहे. सही झाकून चालेल का, हेही मी वकिलांना विचारून पाहिलं. चालत नाही.

ता. क. दुसरा. त्रेचाळीस संघटनांना मी वर फार नावं ठेवली. त्यांनी संडासाचं स्वच्छतागृह केलं हे खरं, पण नवव्या खर्ड्यापर्यंत ‘कुलूप’ वाक्यात शाबूत होतं. ते मी खोडलं. पुढे चौकशी झाली तर तुमचं नाव निघेल, मग घरात काय होईल, असा विचार करून खोडलं, आणि तिने विचारल्यावर ‘सुविधा’वर बोट ठेवलं.

ता. क. तिसरा. कागद न्यायला मुलगी शनिवारी सकाळी येईल. तिला सगळं सांगितलंय. सापडत नाही असं तिला सांगू नका. ती स्वतः कपाट उघडून बघते.