मूकपटाला माईक

रविवार, संध्याकाळ

मूकपटवेड्यांनो, आपल्या लाडक्या विनोदवीराच्या खेळाला कुणी हॉल देत नाही, हे आपलं जुनं दुखणं. आजही हॉलवाले वानखेडे म्हणाले, "हा शेवटचा. मुक्याले आता कोण पाहून राहिलं?" मी पेटलो. पडद्यावर तो बिचारा केळीच्या सालीवर घसरतोय आणि मी माईकवर त्याची थोरवी गातोय! मूकपटाला माईक कशाला नेला मी? शेवटी वानखेड्यांची आईच ओरडली, "भाऊ, तो गप आहे ना, मंग तुम्ही काहून बोलून राहिले जी?" मी माईक बंद केला. मग जे हसू उसळलं! वानखेडे तर डोळे पुसत होते. कोणत्या भाषणानं हे साधलं असतं? ऊठ गड्या, उद्या सकाळीच त्यांच्याकडे जा आणि पुढच्या वर्षासाठी हॉल माग.