तुम्ही शिकवलेला देश

आण्णा, मुखेडच्या शाळेत तुम्ही ज्या देशाचं कौतुक करायचात, तो मी पाहून आले. लिक्टेनस्टाइन. आल्प्समधलं इवलंसं राज्य, सैन्य नाही, विमानतळ नाही, पण राजघराणं आहे, असं तुम्ही फळ्यावर डोंगर काढत सांगायचात आणि सगळा वर्ग गप्प बसून ऐकायचा. त्या वर्गात मीही होते. दहावीला भूगोलात पहिली आले आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही औश्याचं स्थळ आणलंत. मी भाकरी थापत होते. "मला कॉलेजला जायचंय," म्हटलं, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातनंच बोललात, "लई झालं शिकणं. पोरीच्या जातीला एवढं बास." आईनं चुलीवरून मान वर केली नाही. लोकांच्या पोरांना जग दाखवता आणि स्वतःच्या पोरीला चुलीपुढं बसवता? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझा राग उतरलेला नाही.

माझी लेक आता स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करते. नवऱ्याशी भांडून शिकवलं मी तिला. तिनंच मला बसनं सरहद्दीपलीकडं, डोंगरातल्या एका गावात नेलं. उभ्या उतारावर लाकडी घरं, गायी, कापलेल्या गवताचा वास. एक म्हातारी अंगणात गवत उलटवत होती. तिनं आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं. लेक तिच्याशी जर्मन बोलते, मला मराठीत सांगते. मी म्हणाले, "माझ्या वडिलांना तुमच्या देशाचं लई कौतुक." म्हातारी हसली.

"इथं बायकांना मताचा हक्क द्यायचा का, हे पुरुषांना विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा नाही म्हणाले. माझे वडीलसुद्धा. मला मत मिळालं तेव्हा माझी मुलं शाळेत जात होती."

"वडिलांना विचारलं नाही, का म्हणून?"

"विचारलं. म्हणाले, तुमच्या भल्यासाठीच."

मी ताडकन उठले. लेक घाबरली. हे तुम्ही वर्गात कधी सांगितलं नाहीत, आण्णा. माहीत नव्हतं, की त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही? त्या बाईनं निदान बापाला तोंडावर विचारलं. मी विचारीन म्हणेपर्यंत तुम्ही गेलात.

मग तिनं विचारलं, "तुमचे वडील काय करायचे?" वाटलं, सगळं ओकून टाकावं. तोंडातून निघालं, "शिक्षक होते. फार छान शिकवायचे."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ते मी खोटं बोलले नव्हते, आणि सगळ्यात जास्त संताप मला त्याचाच होतो.