तांदळातले नाव

पारनेर,
ता. १३ जून १९४७

प्रिय,

मायन्यात नाव लिहायचे राहून गेलेले नाही, जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. पाकिटावरचे नाव वाचून तू दचकली असशील. त्याचे कारण पत्राच्या शेवटी येईल. मी आधी कच्चा मसुदा करतो आणि मग पक्के लिहितो, हे तुला ठाऊक आहे. या वेळी मसुद्यातले काहीही गाळायचे नाही असे ठरवून बसलो आहे.

आधी घरचे. आईची कंबर बरी आहे. कैऱ्यांचे लोणचे घालून झाले, तुझी बरणी वेगळी काढून वर फडके बांधून ठेवली आहे. साळूबाई धुणे-भांडी करताना रोज तुझी चौकशी करते आणि मग माझ्याकडे अशी बघते, जणू मीच तुला कुठे हरवून आलो. परवा मी चुलीपुढे बसून भात उतरवत होतो तर म्हणाली, "वैनी पुण्याला इंग्रजी शिकत्यात, तुमी हितं भात शिका." आई हसली. मीही हसलो, पण मला ते लागले.

मला काय काय लागते याची तुला कल्पना नाही, कारण मी कधी सांगितले नाही. दोन वर्षांपूर्वी तू कॉलेजात जायचे म्हणालीस तेव्हा तुझे म्हणणे किती सरळ होते. नगरच्या मुलींच्या शाळेला पदवीधर मुख्याध्यापिका जिल्ह्यात मिळत नाही, बाहेरून आणावी लागते. चार वर्षे शिकले तर ती खुर्ची मला मिळेल, नाहीतर पारनेरच्या प्राथमिक शाळेत बाराखडी गिरवून घेतच म्हातारी होईन. मी हो म्हणालो. गावभर मला शाबासकी मिळाली. मामलेदारसाहेबांनी कचेरीत चार जणांसमोर माझी पाठ थोपटली, आणि त्याच वेळी माझ्या मनात आले, की मी इंग्रजी पाचवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली तेव्हा माझ्यासाठी हो म्हणणारे कोणीच कसे नव्हते? शुद्धलेखनात मी वर्गात पहिला असे. आजही कचेरीत महत्त्वाची नक्कल माझ्याकडेच येते. पण मॅट्रिक नाही म्हणून अव्वल कारकुनी मला कधी मिळायची नाही. दुसऱ्यांनी रचलेली वाक्ये सुंदर अक्षरात उतरवणे, एवढेच माझे काम.

तुझी पत्रे मी जपून ठेवतो, तारखेवार. मागच्या चैत्रातल्या पत्रात रविकांत या मुलाचे नाव सात वेळा आले आहे. तो सतरा वर्षांचा आहे, तुला काकू म्हणतो, तर्कशास्त्राची टिपणे मागतो, हे सगळे तूच लिहिले आहेस. तरी मी ते नाव मोजले. मला त्या पोराचा हेवा वाटला तो तू समजशील तसा नव्हे. तो तुझ्याशी ज्या विषयावर वाद घालू शकतो, त्या विषयाचा अर्थसुद्धा मला कोणाला तरी विचारावा लागतो. सुट्टीत तू इकडे न येता वसतिगृहातच राहून शिकवण्या धरल्यास, तेव्हा आईला मी सांगितले की खर्चाला हातभार लागेल. मला स्वतःला मात्र वाटले, हिला आता पारनेर पुरत नाही. आणि माझ्या पत्रांना तुझे उत्तर नेहमी उशिरा येई. पत्र चार-पाच दिवसांनी हाती पडते, असे तू लिहायचीस. मी तुझ्या पाकिटांवरचे टपालाचे शिक्के तपासले. पुण्याचे पत्र इथे दुसऱ्या दिवशीच पोचत होते, म्हणजे इथले तिथेही तसेच पोचत असणार. मधले चार दिवस कुठे जातात, हे मी तुला कधी विचारले नाही, फक्त मनात धरून ठेवले.

आता बुधवारचे सांगतो. तुझ्या इंटरच्या परीक्षेचा निकाल छापलेले वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने आले. साहेबांचे वाचून झाल्यावर कानिफनाथ शिपायाने ते गुपचूप माझ्या टेबलावर ठेवले. पहिल्या पानावर देशाच्या वाटणीच्या बातम्या होत्या, त्या मी वाचल्याही नाहीत. तुझ्या कॉलेजची यादी काढली, पट्टी घेतली आणि एकेका ओळीखाली ठेवत गेलो. नीलांबरी हेमचंद्र गंधे. तीनदा पाहिले. नाव नव्हते.

आता जे लिहितो तेही गाळत नाही. मला बरे वाटले. वाईट वाटायला हवे हे कळत होते, आणि तरीही छातीवरचे ओझे उतरावे तसे वाटले. घरी जाऊन आईला सांगितले. तिने तुझ्या लोणच्याची बरणी उचलून फळीवर मागे सारली. मी शिकरण करायला सांगितले आणि दोन वाट्या खाल्ले. साळूबाई अंगणातून ऐकत होती. हातातले पातेले तसेच धरून दारात आली आणि म्हणाली, "वैनी नापास व्हनार न्हाईत. तुमीच नीट बघितलं नसंल." मी तिला म्हणालो, तुला अक्षर येत नाही, तू मला काय सांगतेस. मग बसलो आणि तुला पत्र लिहिले. इतके प्रेमळ पत्र मी आजवर लिहिले नसेल. खचून जाऊ नकोस, सगळ्यांनाच सगळे जमते असे नाही, आपले घर आहे, शाळा आहे, परत ये, अशी चार पाने लिहिली. बी.ए.च्या वर्गाचा जो फॉर्म तू पालक म्हणून माझ्या सहीसाठी पाठवला होतास, तो आता लागणार नाही म्हणून माझ्याजवळच ठेवतो, असेही लिहिले. आणि ते पत्र त्याच दिवशी टपालात टाकले.

काल सकाळी आमचे अव्वल कारकून गहिनीनाथराव कचेरीत आले ते वर्तमानपत्र हलवतच. ते राहुरीचे, तुझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हेमचंद्रराव, पेढे काढा. पण आधी राहुरीला मास्तरांना द्या. बायको तुमची, पास मात्र बापाच्या नावावर झाली." आणि त्यांनी बोट ठेवले. शोभा नृसिंह मुळे, दुसरा वर्ग. माझी पट्टी त्या ओळीवरून तीनदा गेली होती.

लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने तुझे नवे नाव लिहिले, ते तुला आठवत असेल. नीलांबरीतला 'नी' आणि 'री' दीर्घ नीट यावेत म्हणून मी एकदा लिहिलेले मोडून पुन्हा लिहिले आणि सगळा मांडव हसला होता. त्या दिवसापासून शोभा हे नाव मी एकदाही उच्चारले नाही. तुझा मॅट्रिकचा दाखला त्या नावाचा आहे, हे मला माहीत होते. कॉलेज दाखल्यावरचेच नाव धरणार, हे कारकुनाला सांगावे लागते का? पण मी पहिला फॉर्म नीलांबरी असा सुरेख भरून तुझ्या हाती दिला होता. तू तो पुण्याला बदललास आणि मला कळवले नाहीस. का कळवले नाहीस, हे मी काल दिवसभर स्वतःला विचारत होतो. उत्तर मला ठाऊक आहे: मी दिलेले नाव बदललेले मला लागेल, म्हणून. यंदाच्या फॉर्मवर तू नावाची जागा कोरी ठेवून पाठवलीस, तेही त्याचसाठी. आणि ते हरवलेले चार दिवसही मला सापडले. वसतिगृहात शोभा मुळे राहते. नीलांबरी गंधेला आलेले पत्र तिथल्या फळीवर पडून राहत असणार, तू आपण होऊन शोधायला जाशील तेव्हा मिळत असणार. हेही तू मला कधी लिहिले नाहीस.

म्हणून आज घाईने लिहीत आहे. माझे बुधवारचे पत्र नीलांबरी गंधे या नावाने गेले आहे, ते अजून त्या फळीवरच असेल. या पाकिटावर मी शोभा नृसिंह मुळे असे लिहिले, म्हणजे हे आल्या दिवशी तुझ्या हाती पडेल आणि त्याच्या आधी पोचेल. ते पत्र फोडायचे की नाही, हे तू ठरव. फोडलेस तर त्यातले प्रेम खरे समजू नकोस आणि हे खोटे समजू नकोस. फॉर्म सोबत आहे. कोरी जागा मी माझ्या हाताने भरली, तुझ्या दाखल्याशी एकेक अक्षर ताडून. पालकाची सही केली आहे. कॉलेज वीस तारखेला उघडते, तोवर पोचायला हवा. बरणी आईने पुन्हा पुढे आणून ठेवली, ती येत्या सोमवारी कानिफनाथाचा भाऊ पुण्याला जातो आहे त्याच्याबरोबर येईल. हेवा गेला असे लिहिले तर ती नक्कल होईल. तो आहे, अजून दोन वर्षे तरी राहील. तेवढा सांभाळून घे, शोभा.

तुझाच,
हेमचंद्र