दाजींच्या मापाचा पलंग

१४ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

ताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरा असशील. तुझा पत्ता प्लायवूडच्या दुकानदाराकडून मिळवला. आधी तो ताकास तूर लागू देईना. मग मी स्टूल ओढून दुकानातच ठाण मांडलं, तेव्हा मुकाट्याने लिहून दिला. फोन तर तू बदललास, निदान हे पत्र वाचल्याशिवाय फाडू नकोस.

फ्लॅटचं विचारशील. भाडेकरू काही मिळाला नाही. लोक येतात, हॉलच्या मधोमध उभे राहतात, "कळवतो" म्हणतात आणि जातात. आपल्या इमारतीत सगळ्यांनीच भाड्याने द्यायला घेतलंय, राहायला कुणीच नाही. दारोदारी 'भाड्याने देणे आहे'ची पाटी आणि कुलूप. एजंट म्हणाला होता, भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल, तुम्ही नुसतं बसून खा. हप्ता न चुकता येत राहिला, भाडं फिरकलं नाही. एजंटही नाही. लिफ्ट मनात आलं तर चालते, तिच्या देखभालीचं बिल मात्र कधी बंद पडत नाही. गुंतवणूक म्हणजे काय, ते आता मला विचार. झगमगत्या दिव्यांखाली घर बघू नये आणि गुंतवणुकीपायी राहत्या घराला हात लावू नये.

हो, राहतं घर विकलं. सांगायचं नव्हतं, ओघात आलं. आता इथेच असतो. संध्याकाळी अख्ख्या इमारतीत एकच खिडकी उजळते, ती आपली.

ताबा घेतला त्या दिवशी मी तुला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. "सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर तूच केलंस ना? खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून पलंग आखूड, कपाटं उथळ, दारं तर बसवलीच नाहीत. सगळं माहीत असून आम्हाला खड्ड्यात घातलंस?" तू एवढंच म्हणालास, "ताई, मापं बिल्डरने दिली होती. पण दिवे लावल्यावर मलाही खोली मोठीच दिसली गं." आणि टेप खिशात घालून निघून गेलास. मला तेव्हा ते धादांत खोटं वाटलं. याच फ्लॅटमध्ये तुझीही जमापुंजी अडकली होती, हे रागात ध्यानातच आलं नाही. तुझे दाजी मात्र परतताना म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. आपल्या हातच्या कामाला कोण भुलत नाही?"

दाजींचा पलंग आठवतो ना? आमच्या लग्नातला, तुझं पहिलं काम. दाजी ताडमाड, म्हणून तू त्यांना जमिनीवर आडवं करून माप घेतलंस आणि वर वीतभर जास्तच धरलंस. "लग्नानंतर वाढले तर?" म्हणालास. तो पलंग इथे खोलीत कसाही लावला तरी दार लागेना. दाजींनी थोडा वेळ पाहिलं आणि दारच बिजागऱ्यांवरून उतरवून बाल्कनीत ठेवलं. म्हणाले, "बारक्याच्या नमुन्यात तरी दार कुठे होतं? आता झाला बघ अस्सल सॅम्पल फ्लॅट!" पोट दुखेपर्यंत हसलो. या घरात तेवढंच हसलो.

जिन्यात पाऊल वाजलं की म्हणायचे, "बघ गं, बारक्या असेल." शेवटपर्यंत म्हणत होते.

वर 'आम्ही बरे आहोत' लिहिलं ते सवयीने. दाजी गेले, बारक्या. उन्हाळ्यात. छातीत कळ आली आणि लिफ्ट बंद. त्यांना खाली न्यायला कुणीतरी मिळेल म्हणून मी प्रत्येक मजल्यावर दारं बडवत हिंडले. सगळीकडे कुलपं. खाली रस्त्यावरून माणसं घेऊन वर आले, तोवर सगळं संपलं होतं. तुला फोन केला, लागला नाही. हे तुला टोचायला लिहीत नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढंच.

आता एवढ्या इमारतीत मी एकटी आणि निजायच्या खोलीला दार नाही. मला भीती वाटते रे. पलंग मला अर्धाही लागत नाही. एका सुताराला बोलावलंही होतं. त्याने करवत काढली, ती मी परत पिशवीत ठेवायला लावली. चहा पाजून त्याला वाटेला लावलं. त्या लाकडाला दुसऱ्या कुणाची करवत लागलेली मला बघवणार नाही. तू ये. तोच पलंग कापून माझ्यापुरता कर आणि ते दार बसवून दे.

माप पत्रातून कळवणार नाही. ते तुला येऊनच घ्यावं लागेल.

जिन्याकडे कान लावून बसलेली,
तुझी ताई