बाबांची दाढ, शिखा ऑप्टिकल आणि तुझा गाल

आदरणीय आत्या,

सविनय जयभीम. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या गालाची सूज उतरली का? तुझ्या ज्ञानदीपने काल मोबाइलवर तुझा फोटो दाखवला. बाबा म्हणाले, "मंजुळा मस्त हसतेय, काही झालेलं नाही तिला." मला मात्र काळजी वाटली. दात दाखवण्याचं फोनवर बोलले तर "बाई गं, डोळे जातील" म्हणून तू फोन ठेवशील, म्हणून हे पत्र तुझ्याच मुलाच्या हाती पाठवते. (त्याने इंदूरहून महूपर्यंत ते उघडलं नाही तर त्याला शाबासकी दे.)

गेल्या आठवड्यात बाबांची वरची दाढ काढली. दचकू नकोस. वरचा दात काढला की डोळ्याची नस सैल पडते, असं तूच त्यांना सांगितलं होतंस. ते स्कूल बस चालवणारे. नजर गेली की स्टिअरिंग गेलं, म्हणून अख्खा पावसाळा लवंग दाबून एका बाजूने जेवले. शेवटी पोह्यावरची शेव चावताना ती किडकी दाढ चिरली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी घरातली पहिली पदवीधर. पदवी समाजशास्त्राची आहे, पण आपल्याकडे पदवीत दातही धरतात.

मी त्यांना तुकोगंजात डॉक्टर रुचींकडे नेलं. काय बाई आहेत गं! मला वाटलं होतं, चिमटा हातात घेऊनच बसल्या असतील. त्यांनी आधी एक्स-रे काढला, शुगर, बीपी, चालू गोळ्या, सगळं विचारलं. म्हणाल्या, "अंकलजी, जो दाँत बच सकता है, उसको मैं निकालती नहीं." पण ही दाढ हिरडीच्या खालपर्यंत चिरलेली. वर कॅप बसवायला काही उरलं नव्हतं आणि मुळाशी पू साचत होता. असा दात ठेवला तर तो शेजारचं हाडही खातो. हाड झिजून डुलणारा दात किंवा आडवी अडकून पुन्हा पुन्हा सुजणारी अक्कलदाढ, यांनाही बऱ्याचदा निरोप द्यावा लागतो. डोळ्यांचं विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तिथेच मी त्यांची भक्त झाले.

बाबांची तरी खात्री पटेना. त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडची पाटी हेरली. "संबोधी, ऐकून ठेव. शिखा ऑप्टिकल. बस, खाली काही नाही. दाढ निघाल्यावर पुन्हा वाचणार."

दुखलं तर हात वर करा, असं डॉक्टरांनी सांगताच बाबांनी हात वर केला. (त्या अजून हातमोजे घालत होत्या.) पण त्यानंतर इंजेक्शन झालं, दाढ करकरली, निघाली, आणि बाबांनी हूं की चूं केलं नाही. तोंडात कापूस, बोलायची बंदी, तरी उठल्याउठल्या खिडकीशी जाऊन माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, शिखा ऑप्टिकल. मग खाली काही नाही म्हणून हात हलवला. एवढा शूर माणूस आपल्या घरात आहे, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

तुझी भाची,
संबोधी

ता. क. शनिवारी सकाळी डॉक्टर रुचींकडे तुझी वेळ घेतली आहे. आधी फक्त बघणार आहेत. तुझा दात कदाचित वाचेलही.

ता. क. २. लपवणं मला जमत नाही. बाबांना चष्मा लागला. महूभर सांगत सुटण्याआधी ऐक. त्या पाटीवर खाली आणखी एक ओळ आहे, "आँखों की जाँच मुफ़्त". ती बाबांना दाढ असतानाही दिसली नव्हती आणि नसतानाही दिसली नाही. म्हणजे दाढ निर्दोष. (मला ती ओळ तेव्हाच दिसली होती. दाढ निघेपर्यंत गप्प बसले आणि मग त्यांना थेट त्याच दुकानात नेलं. चष्मा येईपर्यंत बसची चावी माझ्याकडे आहे.)

ता. क. ३. चष्मा आत्ताच आला. बाबांनी तो लावून सगळ्यात आधी तुझा फोटो पाहिला आणि उठून उभेच राहिले. म्हणतात, "ही हसत कुठेय? रडतेय! शनिवार राहू दे. तिला उद्याच घेऊन येऊ, बस मी काढतो."