पेटीतली गुणगुण

४ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. दुर्मीळ तंतुवाद्यं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.
शाळेतल्या गाण्याच्या बाई व्हायोलिन ठेवून गेल्या. नवऱ्याचं आहे, तो हल्लीच गेला. घर फार गप्प झालंय, म्हणून आता स्वतः वाजवणार म्हणे. एक तुटलेली तार बदला, बाकी कशाला हात लावू नका, असं दोनदा बजावलं. गिऱ्हाइकाला वाद्यातलं काय कळतं?
वाद्य नक्की दुर्मीळ आहे. आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी नाही. दुर्मीळ असल्याशिवाय कोण काढून नेईल?

६ जानेवारी, दुपार
फोनवर एकाला दुकानाची थोरवी सांगत होतो. मागे व्हायोलिनच्या पेटीतून 'घुंऽऽ' झालं. मी थांबलो, तेही थांबलं. घाबरलो नाही. उठून पंखा बंद केला. पंखा बंदच होता.

७ जानेवारी
पुन्हा तेच. मी बोललो की घुंऽऽ. पेटी कपाटात कोंबली, कडी घातली. बाईंच्या नवऱ्याला माझ्या बोलण्यात एवढा काय रस, असं विचारणार होतो. पण उत्तर आलं असतं तर? विचारलं नाही.

९ जानेवारी
बायकोला सांगितलं. मान वर न करता म्हणाली, आत काहीतरी सुटलं असेल, तुमच्या आवाजानं थरथरत असेल. मी म्हटलं, ते मला ठाऊकच होतं.
निर्णय: तार बदलून भागणार नाही. वाद्य पूर्ण नीट करून द्यायचं. बाईंना रडू येईल.

१२ जानेवारी
उघडलं. आतली लांब पट्टी एका टोकाला सुटलेली. बाबा असल्या कामाला वाफेनं सुटणारा सरसाचा गोंद कढवत बसायचे. म्हणायचे, पुढच्याला उघडता आलं पाहिजे. मी चिकटवल्यावर पुढच्याला उघडावं कशाला लागेल? फर्निचरवाल्याचा पक्का गोंद वापरला. आत पट्टीला, बाहेर कडांना, सगळीकडे.
हात मोकळे होते म्हणून हनुवटीच्या जागेचा काळपट डागही घासून टाकला. वर पॉलिश. डाग साधारण माणसाच्या जबड्याएवढा होता. घासताना कुणीतरी मान फिरवतंय असं वाटत राहिलं. रिकाम्या पोटी काम करू नये.

१५ जानेवारी
नवी तार चढवली. समोर उभं राहून मोठ्यानं बोललो. तारा जरा थरथरल्या. त्या कुठल्याही व्हायोलिनच्या थरथरतात. घुं नाही. मोहीम फत्ते.
जेवण गेलं नाही. दुकान उगाच मोठं वाटतंय.

१८ जानेवारी
बाई आल्या. आधी बोटांनी तो डाग शोधला. बराच वेळ. मग गज ओढला. सूर स्वच्छ, मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्या थांबल्या.
"मागून गुणगुणायचं ना हे? ते कुठं गेलं?"
मी अभिमानानं म्हटलं, काढलं.
"लग्न झाल्यापासून ऐकत होते मी ते. दुरुस्त करून घ्या म्हटलं की हे म्हणायचे, राहू दे, सोबत आहे." मग अगदी हळू म्हणाल्या, "तेवढंच ऐकायचं होतं हो मला."
मी म्हटलं, परत घालून देतो, त्यात काय. व्हायोलिन न घेताच गेल्या.

१९ जानेवारी
वाफ दिली. पातळ सुरी घातली. कड हलत नाही. आणखी जोर लावला तर लाकूड चिरेल. उद्या नक्की.

२३ जानेवारी
उद्या उद्या करत चार दिवस गेले. बाईंना निरोप पाठवायचा राहिला. बायको म्हणाली, खरं सांगून टाका. सांगणारच आहे. आधी सराव हवा.

२५ जानेवारी
व्हायोलिन समोर ठेवून सराव केला. दुकानाची थोरवी सांगून झाली, मग बाबांची. शेवटी बाईंची माफी मागितली, आधी हळू, मग मोठ्यानं. कुणी घुं म्हटलं नाही.
इतकं पक्कं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.